तिकीट हुकल्यावर राजकीय कारकीर्द कशी उभी राहते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे वय तीस आहे, दक्षिण नागपुरात मानेवाडा भागात तुम्ही राहता, महाविद्यालयात असल्यापासून एकाच पक्षाचे काम करीत आला आहात, आणि जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत तुमच्या प्रभागातील सर्वसाधारण जागेचे तिकीट ऐनवेळी दुसऱ्या पक्षातून आलेल्या एका माजी नगरसेवकाला मिळाले. आता पक्ष सोडावा का, पुढच्या वेळी अपक्ष उभे राहावे का, महिला राखीव जागेवर पत्नीला उभे करावे का, आणि घराणे व पैसा नसलेल्या माणसाची राजकारणात कारकीर्द होऊ शकते का, असे चार प्रश्न तुम्ही एकत्र विचारले आहेत. मी कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी नाही. नागपूर शहर आणि जिल्ह्यातील उमेदवारांचे अर्ज, शपथपत्रे, मतदार याद्या आणि निवडणूक खर्चाचे हिशेब सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्यामुळे जे सांगतो आहे ते व्यासपीठावरून दिसणाऱ्या राजकारणाविषयी कमी आणि टेबलाच्या अलीकडून दिसणाऱ्या राजकारणाविषयी अधिक आहे.

चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे, असे मला वाटते. तुम्ही कारकिर्दीचा हिशेब निवडणुकांच्या तारखांनी मांडत आहात, आणि म्हणून एक तारीख हुकताच सारे संपल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात राजकारणी माणसाची कारकीर्द ठरते ती हाती कोणतेही पद नसलेल्या वर्षांत तो कशावर जगतो, कोणाच्या उपयोगी पडतो आणि पक्षाच्या कोणत्या कामासाठी त्याची आठवण होते, यावर. नागपूरच्या तरुण कार्यकर्त्यांना हे अलीकडेच फार कठोरपणे कळले. २०१७ च्या फेब्रुवारीत महापालिकेची निवडणूक झाली, मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, आणि ओबीसी आरक्षण व प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकल्यामुळे पुढे जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. २०१७ मध्ये एकवीस वर्षे पूर्ण नसल्यामुळे जे उभे राहू शकले नव्हते, ते पुढची संधी येईपर्यंत तिशीला टेकले. त्या मधल्या काळात कोणी पुण्याला नोकरीसाठी गेले, कोणी प्लॉटच्या धंद्यात रमले, कोणी नुसतेच वाढदिवसाचे फ्लेक्स लावीत राहिले. जे टिकले त्यांच्यात श्रीमंत फारसे नव्हते. ज्यांचे घर राजकारणाशिवाय चालत होते, अशांची संख्या त्यांच्यात जास्त होती.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या कळल्याशिवाय नेमका सल्ला देता येणार नाही, हे आधीच सांगतो. तुमचा सामाजिक प्रवर्ग कोणता, घरात दुसरे कमावते कोणी आहे का, तुमच्या भागात पक्ष भक्कम आहे की कसाबसा उभा आहे, आणि तिकीट नाकारताना तुम्हाला कोणी समोर बसवून कारण सांगितले का, या चार गोष्टींनी उत्तराची दिशा बदलते. विशेषतः शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. ज्याला पक्ष कारण सांगतो, त्याला पक्ष अजून मोजतो आहे, असा माझा अनुभव आहे.

आधी जागेविषयी. नगरसेवकाची जागा म्हणजे भाड्याचे घर. कितीही रंगरंगोटी केली तरी मालक दुसराच असतो. नागपुरात १५१ सदस्य ३८ प्रभागांतून निवडले जातात, त्यांपैकी बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख आहे. म्हणजे एका प्रभागात सरासरी साठ हजारांहून अधिक माणसे येतात. त्या चार जागांपैकी साधारण निम्म्या महिलांसाठी राखीव, शिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाचे आरक्षण, आणि हे सारे दर निवडणुकीपूर्वी सोडतीने ठरते. जी सर्वसाधारण जागा तुम्ही आपली मानली होती, ती पुढच्या सोडतीत असेलच याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. शिवाय पक्ष चार जणांचे पॅनेल म्हणून हिशेब करतो. पॅनेलमध्ये एक ओळखीचा चेहरा असला की उरलेल्या तिघांना ओढून नेतो, ही त्यांची समजूत असते, आणि ती अनेकदा खरी ठरते. तुमच्या जागी माजी नगरसेवक आला त्यामागे तुमच्यावरचा राग असण्यापेक्षा हे गणित असण्याची शक्यता अधिक आहे. त्याने दुःख कमी होत नाही, पण पुढचा निर्णय रागावर न घेण्यासाठी ते समजून घेणे आवश्यक आहे.

जागा बदलणे हे फक्त लहान कार्यकर्त्यांच्याच वाट्याला येते असेही नाही. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, नागपुरात नगरसेवक झाले, १९९७ मध्ये महापौर झाले आणि १९९९ मध्ये पश्चिम नागपुरातून विधानसभेवर गेले. २००४ मध्येही ते तिथूनच निवडून आले. त्यानंतर मतदारसंघांची पुनर्रचना झाली, शहरातील पाच जागांच्या सहा झाल्या, आणि २००९ पासून ते नव्याने तयार झालेल्या दक्षिण-पश्चिम नागपूरमधून लढत आले आहेत. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी ते मुख्यमंत्री झाले ते याच मतदारसंघाचे आमदार म्हणून. त्यांचे वडील गंगाधरराव विधान परिषदेचे सदस्य होते आणि काकू शोभाताई राज्यात मंत्री होत्या, तेव्हा घराणे नसलेल्या माणसाचे उदाहरण म्हणून मी त्यांचे नाव घेत नाही. प्रभागापासून सुरू झालेला प्रवास किती वेगवेगळ्या नकाशांवरून जातो, एवढेच त्यातून दाखवायचे आहे. नकाशा बदलला की ज्याची ओळख एकाच गल्लीपुरती असते तो अडतो.

नितीन गडकरींची वाट तुमच्यासारख्याने अधिक बारकाईने पाहावी, कारण तिच्यात शिकण्यासारखे कार्यपद्धतीचे आहे. १९८९ पासून २०१४ पर्यंत ते नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर होते. १९९५ ते १९९९ या काळात सार्वजनिक बांधकाम मंत्री झाले आणि २००९ च्या अखेरीस पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले, तेही याच जागेच्या आधारावर. लोकसभेची पहिली निवडणूक त्यांनी २०१४ मध्ये लढवली आणि विलास मुत्तेमवारांना हरवले. मुत्तेमवार त्याआधी १९९८ पासून सलग चार वेळा नागपूरचे खासदार होते. पदवीधर मतदारसंघाचे वैशिष्ट्य असे की त्याची यादी दर निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते. आधीच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी आपोआप राहत नाही. १ नोव्हेंबर ही पात्रता दिनांक धरून, त्याआधी किमान तीन वर्षे पदवी मिळालेल्या आणि मतदारसंघात राहणाऱ्या व्यक्तीला अर्ज क्रमांक १८ पुन्हा भरावा लागतो. याचा अर्थ, मतदान होण्याच्या बराच आधी, नोंदणीच्या महिन्यांतच निकालाचा मोठा भाग ठरलेला असतो. ज्याच्या माणसांनी जास्त अर्ज भरून घेतले, पदवीच्या प्रती साक्षांकित करून घेतल्या आणि कार्यालयात पोहोचवल्या, तो पुढे असतो.

या मतदारसंघात नागपूरसह वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असे सहा जिल्हे येतात. भारतीय जनता पक्षाच्या ताब्यात अनेक दशके असलेली ही जागा डिसेंबर २०२० मध्ये काँग्रेसचे अभिजित वंजारी यांनी, त्या वेळी नागपूरचे महापौर असलेल्या संदीप जोशी यांना हरवून जिंकली. त्या निकालाची अनेक कारणे सांगितली गेली. मी एवढेच म्हणेन की नोंदणीचे काम कोणत्याही एका पक्षाची मक्तेदारी नाही, हे त्यातून सर्वांना दिसले. सहा वर्षांची ती मुदत २०२६ च्या अखेरीस संपते आहे. तुमचा पक्ष कोणताही असो, त्याला येत्या काही महिन्यांत अर्ज भरून घेणारी माणसे लागणार आहेत. तिकीट नाकारलेल्या माणसाने घरी बसण्याऐवजी हे काम अंगावर घेतले, तर शहराबाहेरच्या पाच जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांशी त्याचा थेट परिचय होतो, आणि त्याने किती अर्ज आणले याचा आकडा कागदावर राहतो. भाषणे कितीही केली तरी त्यांचा असा आकडा कोठेही नोंदला जात नाही.

आता हाती पद नसलेल्या काळाविषयी, कारण तोच तुमचा आजचा काळ आहे. चंद्रशेखर बावनकुळे यांचे उदाहरण नागपूर जिल्ह्यात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडले. जिल्हा परिषद सदस्य म्हणून काम केल्यानंतर ते २००४, २००९ आणि २०१४ असे तीनदा कामठीचे आमदार झाले आणि २०१४ पासून ऊर्जामंत्री होते. मंत्रिपदावर असतानाच २०१९ मध्ये पक्षाने त्यांना तिकीट नाकारले. तिकीट हुकणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके उघडपणे फार थोड्यांनी अनुभवले असेल. त्या वेळी कामठीत काय होणार, याची चर्चा आमच्याकडे चहाच्या प्रत्येक टपरीवर होती. त्यांनी बंडखोरी केली नाही, पक्ष संघटनेचे काम करीत राहिले, डिसेंबर २०२१ मध्ये स्थानिक प्राधिकारी मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले, ऑगस्ट २०२२ मध्ये प्रदेशाध्यक्ष झाले, आणि २०२४ मध्ये पुन्हा कामठीतून निवडून येऊन महसूलमंत्री झाले. मी हे निष्ठेचे फळ म्हणून सांगत नाही. निष्ठावंत राहूनही विस्मरणात गेलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. फरक असा की तिकीट नसतानाही त्यांच्याकडे जिल्हाभरातील माणसे होती आणि ती पक्षाला हवी होती. स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात मतदार असतात ते नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि त्यांच्यासारखे निवडून आलेले इतर प्रतिनिधी. ज्याने वर्षानुवर्षे अशा सदस्यांची कामे केलेली असतात, त्यालाच तिथे उभे राहणे परवडते.

याच्या उलट बाजूला जांबुवंतराव धोटे आहेत. विदर्भाच्या राजकारणात त्यांच्याइतकी गर्दी खेचणारा माणूस क्वचितच झाला. मूळचे यवतमाळचे असूनही १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर ते नागपूरचे खासदार झाले, आणि १९८० मध्ये काँग्रेसतर्फे पुन्हा निवडून आले. वेगळ्या विदर्भाच्या मागणीला रस्त्यावरचे बळ देण्यात त्यांचा वाटा मोठा होता. २००२ मध्ये त्यांनी विदर्भ जनता काँग्रेस स्थापन केली आणि २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८० नंतर मात्र ते लोकसभेत परतू शकले नाहीत. माझ्या मते लोकप्रियता आणि संघटना या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याचा त्यांच्याइतका स्पष्ट दाखला विदर्भात नाही. सभेला येणारा माणूस आणि मतदानाच्या दिवशी बूथवर सकाळी सातपासून बसणारा माणूस हे दोघे एकच असतीलच असे नाही, आणि दुसरा माणूस वर्षभर सांभाळावा लागतो. विदर्भाच्या प्रश्नावर राजकारण उभे करू पाहणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण आली आहे. विदर्भाला महाराष्ट्रात सामावून घेण्याच्या नागपूर करारापासून, म्हणजे १९५३ पासून, मागणीला सहानुभूती मिळते, पण मतदानाच्या वेळी मतदार पुन्हा मोठ्या पक्षांकडे वळतो. तुम्ही तुमच्या प्रश्नात विदर्भवादी मंचाचा पर्याय ओझरता लिहिला आहे, म्हणून हे सांगितले. प्रश्नाविषयी आस्था असेल तर जरूर जा. कारकिर्दीचा जवळचा रस्ता म्हणून जाणार असाल तर तो जवळचा नाही.

अपक्ष उभे राहण्याविषयी माझे मत बहुतेकांना आवडत नाही. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात ४५ अपक्ष निवडून आले होते, आणि काटोलचे अनिल देशमुख त्यांपैकी एक होते. ते त्या वेळच्या युती सरकारमध्ये मंत्रीही झाले. रामटेकमध्ये आशिष जयस्वाल २०१९ मध्ये अपक्ष म्हणून जिंकले, पण ते त्याआधी शिवसेनेचे तीनदा आमदार होते आणि मतदारसंघातील गावे त्यांच्या ओळखीची होती. २०१९ मध्ये राज्यात १३ अपक्ष निवडून आले, २०२४ मध्ये ही संख्या दोनवर आली. महापालिकेच्या चार सदस्यीय प्रभागात तर अपक्षाची वाट आणखी अवघड आहे. मतदार यंत्रावर अ, ब, क, ड अशा चारही जागांसाठी एकेक बटण दाबतो आणि बहुतेक जण एकच चिन्ह शोधून चारदा दाबतात. तुम्हाला मत देण्यासाठी त्याने ती साखळी मध्येच तोडली पाहिजे. साठ हजार वस्तीच्या प्रभागात हे समजावत फिरायला जितकी माणसे लागतात, तितकी माणसे ज्याच्याकडे असतात त्याला बहुधा पक्षच तिकीट देतो. “ताकद दाखवायला” उभे राहिलेल्यांचे खर्चाचे हिशेब मी पाहिले आहेत. निकालानंतर दाखवलेली ताकद थोडी आणि काढलेले कर्ज मोठे, असेच बहुधा असते. अपवाद एकच सांगतो. पॅनेलमधील उरलेल्या तीन जागांवरचा एखादा बलवान उमेदवार तुमच्या बाजूने आतून उभा असेल, तर अपक्ष निवडून येऊ शकतो. पण मग त्या निवडणुकीत तुम्ही त्या उमेदवाराच्या हिशेबातले एक प्यादे असता, हे आधी मान्य करून उतरावे.

पत्नीला उभे करण्याविषयी मी थोडक्यात लिहितो. २०१२ पासून महापालिकेत निम्म्या जागा महिलांसाठी आहेत, आणि प्रत्येक पक्षात पतीच्या नावाने मते मागणाऱ्या महिला उमेदवार दिसतात. ज्यांना स्वतःला हे काम हवे होते, त्या दुसऱ्या वर्षापासून सभागृहात स्वतः बोलू लागल्या आणि पुढे पतीपेक्षा मोठ्या झाल्या. ज्यांना नको होते, त्यांच्या सह्यांचा कारभार पतीने चालवला आणि तक्रारी मात्र त्यांच्या नावावर गेल्या, कारण सदस्य म्हणून जबाबदारी कायद्याने त्यांचीच असते. त्यामुळे प्रश्न तुम्ही मला विचारण्याऐवजी घरी विचारा. त्यांची इच्छा असेल तर मतदार यादीच्या कामात आजपासून त्यांना पुढे ठेवा आणि तुम्ही मागे राहा; तसे करणे जमत नसेल तर तो विचार सोडून द्या.

आता उपजीविका. तुम्ही लिहिले आहे की सध्या दुसऱ्याच्या नावावरील महापालिकेच्या कंत्राटांत लहान कामे करता, आणि पुढे स्वतःच्या नावाने नोंदणी करण्याचा विचार आहे. इथे मला स्पष्ट नकार द्यावासा वाटतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० नुसार महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असणारी व्यक्ती नगरसेवक होण्यास अपात्र ठरते. विरोधक अर्जाच्या छाननीच्या दिवशी नेमकी हीच कागदपत्रे काढतात, आणि निवडून आल्यानंतरही हा मुद्दा न्यायालयात जातो. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी, ज्या कार्यालयाकडून तुमचे बिल निघायचे आहे त्याच कार्यालयासमोर गडरलाइनसाठी, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीसाठी, नागरिकांना घेऊन उभे राहणे तुम्हाला जमणार नाही. घर चालवण्यासाठी महापालिकेशी संबंध नसलेला व्यवसाय शोधा. नगरसेवक झालात तरी त्या मानधनावर संसार चालत नाही, हे जुने नगरसेवक तुम्हाला खासगीत सांगतील. बनवारीलाल पुरोहित काँग्रेसतर्फे १९८४ आणि १९८९ मध्ये व भाजपतर्फे १९९६ मध्ये नागपूरचे खासदार झाले, पुढे २००९ मध्ये हरले आणि नंतर आसाम, तमिळनाडू व पंजाबचे राज्यपाल झाले. इतक्या चढउतारांत ते टिकले याचे एक कारण असे की त्यांच्यामागे वृत्तपत्राचा स्वतंत्र व्यवसाय होता. तुमच्या-माझ्यासारख्याचा व्यवसाय तेवढा मोठा नसेल. त्याने घराचा किराणा आणि मुलांची फी भागली तरी पुरे.

कागदपत्रांविषयी दोन-तीन गोष्टी, कारण यांवर चांगले उमेदवार बाद झालेले मी पाहिले आहेत. राखीव प्रवर्गात येत असाल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज निवडणुकीची वाट न पाहता आता करा. निवडून आल्यानंतर मुदतीत ते सादर झाले नाही तर पद जाते. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यांमुळे संख्या दोनहून अधिक झाली असेल तर महापालिका लढवता येत नाही. मालमत्ता कराची थकबाकी ठेवू नका. तुमच्या घराचा प्लॉट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) हद्दीतील जुन्या ले-आउटमध्ये असेल तर आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचे पत्र, आणि बांधकामाची परवानगी पाहून ठेवा, कारण अनधिकृत बांधकाम हाही अपात्रतेचा मुद्दा होतो. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचे पत्र, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपूर्वी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापर्यंत पोहोचला नाही तर बाकी सारे व्यर्थ असते, पण तो प्रसंग येण्याआधीच या गोष्टी नीट असाव्या लागतात.

सगळ्यात जास्त वेळ मी मतदार यादीला द्यायला सांगेन. महापालिकेसाठी वेगळी यादी तयार होत नाही. राज्य निवडणूक आयोग ठरावीक तारखेची विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागनिहाय फोडतो. प्रभागाच्या प्रारूप यादीवर हरकती येतात त्या मुख्यतः नाव चुकीच्या प्रभागात गेले आहे अशा स्वरूपाच्या. विधानसभेच्या यादीत नसलेले नाव त्या वेळी नव्याने घालता येत नाही. दर निवडणुकीत, यादी फुटल्यानंतर कार्यकर्ते जागे होतात आणि मग संतापतात. मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा रस्ता या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत फ्लॅट स्कीम वाढल्या, भाडेकरू बदलले, मुली लग्न होऊन आल्या. यांतील अनेकांची नावे अजून महाल, इतवारी किंवा दुसऱ्या जिल्ह्यात आहेत. नवीन नावासाठी अर्ज क्रमांक ६, पत्ता बदलण्यासाठी ८ आणि वगळण्यासाठी ७ असे अर्ज आहेत, आणि आता वर्षातून चार पात्रता दिनांक असल्यामुळे अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्याला जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. पक्षाकडून स्वतःच्या भागातील यादी भागांसाठी बूथ स्तरावरील प्रतिनिधी म्हणून नेमणूक मागा. हे पद मागायला फारसे कोणी येत नाही, त्यामुळे ते मिळते. यादीतील प्रत्येक कुटुंबाच्या दारात जाण्याचे रीतसर कारण त्याने मिळते, आणि पुढच्या वेळी पक्षाचे निरीक्षक विचारतील की तुमच्या भागात किती बूथवर तुमची माणसे आहेत, तेव्हा तुम्हाला अंदाजाने बोलावे लागणार नाही.

राहिला पक्ष सोडण्याचा प्रश्न. पक्षांतरबंदीचे कायदे निवडून आलेल्या सदस्यांना लागू होतात, कार्यकर्त्याला नाही; तेव्हा कायद्याची आडकाठी नाही. पण नव्या पक्षातही तुमच्या आधी आठ-दहा वर्षे काम केलेला कोणी तरी तुमच्याच वयाचा माणूस त्याच सर्वसाधारण जागेकडे पाहत असेल, आणि त्याच्या नजरेत तुम्ही आज तेच असाल जे तुमच्या नजरेत तो ऐनवेळी आलेला माजी नगरसेवक आहे. बाहेरून येणाऱ्याला तिकीट मिळते ते तो आपल्यासोबत मोजता येण्यासारखे काही आणतो तेव्हा. तुमच्याकडे सध्या ओळखी आहेत, मोजता येण्यासारखे अजून काही नाही, म्हणून आज पक्ष बदलल्यास तुम्हाला मान मिळेल, जागा मिळणार नाही. माझा सल्ला असा की पदवीधर नोंदणी आणि तुमच्या भागातील यादीचे काम आहे त्याच पक्षात राहून पूर्ण करा, आणि वर्षअखेरीस शहराध्यक्षांना वेळ मागून ते आकडे समोर ठेवा. त्यांनी आकडे वाचून पुढचे काम सोपवले तर थांबा. आकडे न पाहताच वाट पाहायला सांगितले तर दुसऱ्या पक्षाशी बोलणी करायला हरकत नाही, आणि त्या वेळी तुमच्या हातात दाखवायला कागद असेल.